'शहाणा माणूस गप्प बसतो' हे निदान सॉक्रेटिसच्या नावावर तरी खपवू नका

गेल्या रविवारी मावशीकडे गेले होते. तिच्या ओट्याशेजारी खिळ्याला दुधाच्या हिशोबाची वही अडकवलेली असते, म्हैस अर्धा, गाय एक, खाडे किती, असं सगळं त्यात. चहा होईपर्यंत सहज चाळली तर मधल्या पानावर तिच्या त्या गोल, पाटीवर गिरवल्यासारख्या अक्षरात 'खऱ्या शहाण्या माणसाची नऊ लक्षणे' अख्खी उतरवून काढलेली. खाली 'थोर तत्त्वज्ञ सॉक्रेटिस'. आणि पहिल्या लक्षणाखाली पेनानं दोनदा रेघ मारलेली, कागद जवळजवळ फाटेल इतकी: शहाणा माणूस वाद घालत नाही, तो मौन पाळतो.

हा फॉरवर्ड तुमच्याकडेही आलाच असेल. वर हात जोडलेले, मधे दिवा, शेवटी 'मुलांना जरूर वाचायला द्या'. मला तीन ग्रुपवर आला होता आणि मी तो नीट वाचलाही नव्हता, आपण सगळे असंच करतो, अंगठ्यानं वर सरकवतो. पण माझी मावशी ६४ वर्षांची आहे, सातवी शिकलेली, आणि ती एखादी गोष्ट वहीत उतरवते म्हणजे ती तशी वागायचं ठरवते. आणि नेमकं आत्ताच का उतरवली, तर महिन्याभरापूर्वी मामांनी तिच्यापुढे हक्कसोडपत्राचा मसुदा ठेवलाय. आजोबांच्या जमिनीतला हिस्सा सोडला अशी सही कर म्हणून. त्यानंतर आठवड्याभरात हा मेसेज घरच्या ग्रुपवर आला, मामींनी टाकला. मुद्दाम टाकला असं मी म्हणत नाहीये, त्यांनाही कुणीतरी पाठवलाच असणार. पण मी विषय काढला तर मावशी म्हणाली, "जाऊ दे गं बाळा, शहाण्या माणसानं वाद घालू नये, एवढा मोठा माणूस सांगून गेलाय."

म्हणून बसून लिहितेय. एवढा मोठा माणूस काय सांगून गेलाय ते तरी बघू.

"शहाणा माणूस वाद घालत नाही, मौन पाळतो."

सॉक्रेटिसच्या नावावर हे? ज्या माणसाला बोलतो म्हणून विष प्यायला लावलं त्याच्या नावावर?

एक तर सॉक्रेटिसनं स्वतः आयुष्यात काहीही लिहून ठेवलेलं नाही. तो आपल्याला माहीत आहे तो मुख्यतः प्लेटो आणि झेनोफन यांनी त्याच्याबद्दल लिहून ठेवलं म्हणून. इ.स.पू. ३९९ मध्ये अथेन्समध्ये त्याच्यावर खटला भरला, तेव्हा तो ७० वर्षांचा होता, आरोप असा की शहराचे देव मानत नाही आणि पोरांना बिघडवतो. समोर पाचशेच्या आसपास न्यायदान करणारे नागरिक. तिथं तो स्वतःच्या बचावासाठी जे बोलला ते प्लेटोनं 'ॲपॉलॉजी'मध्ये लिहिलंय (नावावरून माफीनामा वाटतो, पण ग्रीकमध्ये त्याचा अर्थ बचावाचं भाषण असा आहे, माफी त्यात कुठंच नाही). छोटं आहे, एका दुपारी वाचून होतं, आणि हा मेसेज ज्यानं बनवला त्यानं ते उघडूनही बघितलेलं नाही हे मी खात्रीनं सांगू शकते. कारण त्यात हाच प्रश्न आलाय. अगदी हाच. दोषी ठरवल्यावर, आता शिक्षा काय द्यायची हे ठरत असताना तो म्हणतो की कुणी मला विचारेल, बाबा, इथून निघून जा आणि गप्प राहून जग की, तेवढं तुला जमणार नाही का? आणि त्यावर तो म्हणतो की तुमच्यातल्या काहींना पटवायला हीच गोष्ट सगळ्यात अवघड आहे. गप्प बसणं म्हणजे देवाची आज्ञा मोडणं, असं म्हटलं तर तुम्हाला खोटं वाटेल, आणि रोज चांगलं काय वाईट काय याबद्दल बोलणं, स्वतःला आणि दुसऱ्याला तपासत राहणं याहून माणसाचं मोठं भलं कशात नाही, असं म्हटलं तर ते तुम्हाला त्याहून खोटं वाटेल. म्हणजे जीव वाचवायची वाट त्याला समोर दिसत होती, ती वाट म्हणजे मौन होतं, आणि त्यानं ती घेतली नाही.

त्याच भाषणात तो स्वतःला गोमाशी म्हणवून घेतो. शहर म्हणजे मोठा जातिवंत घोडा, पण सुस्तावलेला, आणि मी त्याला चावून जागं ठेवतो. गोमाशी! गायीम्हशी बघितलेल्या माणसाला सांगायला नको गोमाशी काय असते. मावशीला हे सांगितलं तर ती पहिल्यांदा त्या दिवशी हसली.

आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. इ.स.पू. ४०६ मध्ये आर्गिनुसाईची आरमारी लढाई अथेन्सनं जिंकली, पण वादळामुळे बुडालेल्या जहाजांवरची माणसं उचलता आली नाहीत. लोक खवळले आणि सेनापतींना वेगवेगळं न तपासता सगळ्यांचा एकाच मतात निकाल लावायचं ठरलं, जे त्यांच्याच कायद्याच्या विरुद्ध होतं. त्या वेळी सभेचं काम चालवणाऱ्यांमध्ये सॉक्रेटिस होता आणि विरोध करणारा तो एकटा. लोक ओरडत होते, अटक करू म्हणत होते. सहा सेनापतींना शेवटी मारलंच. नंतर अथेन्सच्या लोकांना पश्चात्ताप झाला, पण त्याचा काय उपयोग.

आता खरं आहे ते मान्य करते, नाहीतर कुणीतरी खाली येऊन सांगेलच. त्यानं राजकारणात पडायचं टाळलं होतं आणि तसं तो स्वतःच सांगतो, पडलो असतो तर केव्हाच मेलो असतो म्हणून. आणि तीस जुलमी लोकांची सत्ता होती तेव्हा त्यांनी पाच जणांना सालामिसच्या लिओन नावाच्या माणसाला धरून आणायला सांगितलं, मारायला, तर बाकीचे चौघं गेले आणि हा घरी निघून गेला. तिथं त्यानं भाषण ठोकलं नाही. म्हणजे कुठं बोलायचं, कुठं नुसतं पाय उचलून घरी जायचं, हे त्याला कळत होतं. तेवढं मौन मला मान्य आहे, रागाच्या भरात ग्रुपवर लिहायच्या आधी रात्रभर थांबावं हेही मान्य. पण त्या मौनात सुद्धा त्यानं सही केली नाही, हे बघा. सांगितलेलं काम केलं नाही. मावशीला जे मौन शिकवलं जातंय त्यात गप्पही बसायचंय आणि सहीही करायचीय.

"पेशवाईतले साडेतीन शहाणे कमी बोलूनच मोठे झाले."

हे वाक्य सॉक्रेटिसच्या नावाखाली कसं आलं हा प्रश्न मेसेज बनवणाऱ्याला पडला नाही, जाऊ दे. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे, विठ्ठल सुंदर हे तीन आणि नाना फडणीस अर्धे, कारण बुद्धी होती पण तलवार नव्हती असं सांगतात. हे सगळे मुत्सद्दी. बोलणी करणं, पत्रं लिहिणं, माणसं जोडणं नि फोडणं हाच त्यांचा धंदा, मौन कसलं पाळतात. विठ्ठल सुंदर निजामाचा दिवाण, तो १७६३ ला राक्षसभुवनच्या लढाईत मारला गेला. सखारामबापूंना पुढे नानांनीच कैदेत टाकलं.

पण मला यात दुसरंच दिसतं, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याच काळात, त्याच पुण्यात रामशास्त्री प्रभुणे होते. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, आणि रघुनाथराव गादीवर असताना, सगळी सत्ता त्यांच्या हातात असताना, या माणसानं त्यांना तोंडावर सांगितलं की याला प्रायश्चित्त एकच, देहान्त. आणि पुणं सोडून गेले. या माणसाचं नाव साडेतीन शहाण्यांत नाही. चौथाही नाही, अर्धाही नाही. म्हणजे आपल्या भाषेत 'शहाणा' हा शब्द आपण कुणाला लावतो ते बघा, डाव ओळखणाऱ्याला, वेळ मारून नेणाऱ्याला. 'फार शहाणी आहेस' हे कुणी बाईला म्हणालं तर ते कौतुक नसतं हे प्रत्येक बाईला माहीत आहे. आणि 'शहाण्यासारखी वाग' म्हणजे बहुतेक वेळा 'आम्ही सांगतो तसं वाग'. मावशीला लहानपणापासून हेच शहाणपण मिळालंय, शहाणी मुलगी हट्ट करत नाही, शहाणी मुलगी भावाच्या ताटातलं मागत नाही. फॉरवर्डनं फक्त त्यावर ग्रीक शिक्का मारून दिला.

"सॉक्रेटिस म्हणाला, मला काहीच कळत नाही. म्हणून शहाणा माणूस मत देत नाही."

पहिलं अर्धं वाक्य अर्धं खरं आणि दुसरं पूर्ण खोटं. तो नेमकं काय म्हणाला ते सांगते. त्याच्या मित्रानं, खैरेफॉननं, डेल्फीच्या देवळात कौल लावला की सॉक्रेटिसपेक्षा शहाणं कुणी आहे का. कौल आला, नाही. (आपल्याकडे कोकणात देवाला कौल लावतात तसंच समजा.) सॉक्रेटिसला ते पटेना. म्हणून तो एका नावाजलेल्या राजकारण्याकडे गेला, त्याच्याशी बोलला आणि त्याच्या लक्षात आलं की याला कळत नाही पण आपल्याला कळतं असं याला वाटतं, मला कळत नाही आणि कळतं असं मला वाटतही नाही, एवढ्याच बारीकशा बाबतीत मी याच्यापुढे आहे. मग कवींकडे गेला, मग कारागिरांकडे. कारागिरांबद्दल तो उघड सांगतो की त्यांना खरोखर पुष्कळ गोष्टी येत होत्या ज्या मला येत नव्हत्या. फक्त आपलं काम चांगलं येतं म्हणून बाकीच्या मोठ्या गोष्टीही आपल्याला कळतात असं त्यांना वाटायचं.

यात 'काहीच कळत नाही' कुठं आहे? तो तर म्हणतो की काहींना काही गोष्टी नक्की कळतात. आणि आपल्याला कळत नाही हे लक्षात आल्यावर तो घरी डोळे मिटून बसला का, तर नाही, दारोदार जाऊन विचारत फिरला. मला कळत नाही या वाक्यानंतर त्याच्याकडे प्रश्नचिन्ह येतं आणि या फॉरवर्डवाल्यांकडे पूर्णविराम येतो. मावशी म्हणते, "मला कायद्यातलं काय कळतंय." बरोबर आहे, नाही कळत, मलाही कालपर्यंत नव्हतं कळत. मग विचारूया ना!

"शहाण्याला राग येत नाही." तुकोबांनी विष्णुदासांना मेणाहून मऊ म्हटलं आणि त्याच अभंगात नाठाळाच्या माथ्यावर काठी पण दिली. पुढे.

"अक्कलदाढ काढली की बुद्धी मंदावते." ती तिसरी दाढ आहे, साधारण १७ ते २५ वयात येते म्हणून तिला तसं नाव पडलं, कित्येकांना ती येतच नाही. हिरडीत आडवी अडकून दुखत असेल तर कृपा करून डॉक्टरांकडे जा. पुढे.

"वय वाढतं तसं शहाणपण आपोआप येतं, म्हणून थोरांना उलट विचारू नये."

यावर खरंच अभ्यास झालाय. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत पाउल बाल्टेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं शहाणपण मोजायचा प्रयत्न केला. ते लोकांना एखादा पेच द्यायचे आणि मोठ्यानं विचार करायला सांगायचे, उदाहरणार्थ, १५ वर्षांच्या मुलीला लगेच लग्न करायचंय, काय विचार करायला हवा, काय करायला हवं. जो ताडकन 'छे, मूर्खपणा' म्हणून मोकळा होईल त्याला कमी गुण, आणि जो विचारेल की तिच्या घरची परिस्थिती काय, ती एकटी पडलीय का, तिला कुणी दटावलंय का, कुठल्या समाजातली आहे, त्याला जास्त. तर त्यांना असं दिसलं की हे शहाणपण पंधरा ते पंचविशीपर्यंत वाढतं आणि त्यानंतर पार पंचाहत्तरीपर्यंत नुसत्या वयानं फारसा फरक पडत नाही. म्हातारपणानं ते जातं असंही नाही, हे चांगलंच आहे. पण 'माझे केस उन्हात पांढरे नाही झाले' हे वाक्य बोलून वाद जिंकता येत नाही, एवढं नक्की. आणि मोठे मामा ७० चे आहेत, मावशी ६४ ची, हा काय हिस्सा सोडायचा हिशोब झाला का.

"शहाणा माणूस आपले प्रश्न स्वतःच सोडवतो, कुणाला विचारत नाही." याच अभ्यासात पुढे असं निघालं की उत्तर द्यायच्या आधी जवळच्या माणसाशी बोलायला आणि मग थोडा वेळ स्वतःशी विचार करायला दिला की लोकांची उत्तरं चांगलीच सुधारतात. आणखी काय सांगायचं. विचारू नको असं कुणी सांगत असेल तर तो का सांगतोय, आधी ते विचारा.

"पुस्तकी शिक्षणानं शहाणपण येत नाही." हे मात्र मला मान्य करावं लागतंय, जीवावर आलं तरी. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणं सांगितली आणि तेवढ्यावर न थांबता पढतमूर्खाचा वेगळा समास लिहिला, म्हणजे शिकलेल्या मूर्खांची संख्या तेव्हाही दखल घेण्याएवढी असणार. सातवी शिकलेल्या मावशीनं काकांचं आजारपण, दोन मुलं, सोसायटीचं कर्ज हे सगळं जसं निभावलं तसं मला दोन डिग्र्या घेऊनही जमलं नसतं. पण म्हणून कागद वाचू नये असं होत नाही ना! शिक्षण नको असं म्हणणारे बहुतेक वेळा स्वतः शिकलेले असतात.

"शहाणा माणूस जमीनजुमल्याच्या मागे लागत नाही, तो नाती जपतो."

हे शेवटचं. यासाठीच मी इतका वेळ बसलेय.

नाती जपायची तर सोडायचं कुणी हे कायम आधीच ठरलेलं असतं. बहिणीनं हिस्सा मागितला तर नातं तुटतं आणि भावानं दिला नाही तर तुटत नाही, हे कुठलं शहाणपण. मामांनी मावशीला सांगितलंय की आप्पा, म्हणजे माझे आजोबा, १९९८ ला गेले आणि मुलींचा कायदा २००५ चा, त्यामुळे तुला तसाही हक्क नाही, सही फक्त एक औपचारिकता. औपचारिकता असेल तर सही कशाला हवीय हा प्रश्न मावशीला सुचला नाही कारण ती शहाण्यासारखी गप्प होती.

तर ऐका. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात मुलगी जन्मानंच वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकीच हिस्सेदार झाली. आणि वडील त्या तारखेला हयात असायलाच हवेत का यावरून बराच घोळ होता, तो सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात संपवला: वडील त्याआधी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी झाली असेल तर गोष्ट वेगळी. आमच्या घरात वाटणी कधी झालीच नाही, सातबाऱ्यावर अजून आप्पांचंच नाव आहे. आणि समजा २००५ चा कायदा नसताच तरी १९५६ च्या कायद्यानं सुद्धा वडिलांच्या स्वतःच्या वाट्यात मुलगी वारस होतीच. म्हणजे 'तुला तसाही हक्क नाही' हे कुठल्याच बाजूनं खरं नाही.

मावशीनं हिस्सा घ्यावाच असं माझं म्हणणं नाही. ती सगळं समजून घेऊन, माझ्या भावांना असू दे म्हणाली तर मी तिच्या पाया पडेन, ते तिचं औदार्य असेल. पण आपलं काय आहे हेच माहीत नसताना सोडलं तर त्याला देणं म्हणत नाहीत. एकदा हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदलं की ते मागे फिरवायला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, आणि चौसष्टाव्या वर्षी तिनं त्या का झिजवाव्यात.

त्या रविवारी मी तिला तो मसुदा मोठ्यानं वाचून दाखवला. चष्मा पदरानं पुसून ती शेजारी बसली आणि 'स्वखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय' या ओळीशी माझा हात धरून थांबवलं. म्हणाली, हे परत वाच. मी परत वाचलं. म्हणाली, "हे माझ्या तोंडी कुणी घातलं? मी असं कुठं म्हणाले?" मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही, कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या होत होत्या.

काल सकाळी साडेसातला तिचा फोन. दुधाच्या वहीत तिनं लिहून काढलंय काय काय विचारायचं ते, तलाठ्याला तीन प्रश्न आणि मोठ्या मामाला एक. तलाठ्याचे तिन्ही वाचून दाखवले: वारस नोंद अजून का नाही झाली, आठ-अ कुणाच्या नावावर निघतो, आणि सातबाऱ्यावर 'इतर हक्क' म्हणून जो रकाना असतो त्यात आत्ता काय लिहिलंय. मामाचा प्रश्न मात्र सांगेना. म्हणाली, तो त्यालाच विचारीन, तू मंगळवारी गाडी घेऊन लवकर ये.